मागून पाहिलेला इंद्रभान

अनसिंग, मार्गशीर्ष, सन १९३७

प्रिय उदयसिंग,

अनेक आशीर्वाद. मुंबईहून तू पाठवलेली पेटी सुखरूप पोचली. वाशीमपर्यंत मोटारीने आली, तिथून इंद्रभानच्या वडलांनी बैलगाडीत मांडीशी धरून आणली. कुठे टवकाही उडालेला नाही. तू घडवलेला अर्धपुतळा ओसरीवर ठेवला तेव्हा आळीतल्या बाया जमल्या. रंगूबाई म्हणाली, "हुबेहूब आपला इंद्रभानच बसून राह्यला वं." कोणी हार आणला. मी त्यांना थांबवलं, तर मलाच रागावल्या.

काय करू, तुझ्या ह्या मित्राने मला बिघडवून ठेवलंय. कलाशाळेतून पहिल्या सुट्टीत आला, तेव्हा तो मला गावाबाहेरच्या पडक्या देवळात घेऊन गेला. तिथे काळ्या दगडाची, हात तुटलेली एक बाई उभी आहे. आम्ही येताजाता तिला कुंकू लावायचो. पाहिलं मात्र कोणीच नव्हतं. मी वाकले तर म्हणाला, "आई, पाया मंग पड. पयले तिचे पाय पाह्य." एका पायावर सगळा भार, दुसरा सैल, म्हणून कंबर एका अंगाला गेलेली. मग मला विचारलं, काखेत घागर घेतल्यावर तू कशी उभी राहतेस? मी उभी राहिले आणि लाजले. ती माझ्यासारखीच उभी होती.

नाक फुटलेल्या मूर्तीत पाहायचं काय, असं मी म्हणायचे. त्याने मला तिच्या मागे नेलं, पाठीच्या खळग्यावरून बोटं फिरवायला लावली. सकाळी हसरी वाटणारी ती बाई ऊन कलल्यावर दुखरी वाटायची. मला वाटायचं, सारखं दिसलं की झालं चांगलं. तो म्हणे, सारखं तर फोटोवालाही काढतो. पुढे प्रत्येक सुट्टीत आम्ही दोघं जायचो. लोक हसायचे, की मायलेक दगडाभोवती कायले फिरतात.

म्हणून बाया गेल्यावर मी तुझ्या कामाभोवती फिरले. मागून पाहिलं आणि तिथेच खाली बसले. ऐकताना तो मान डावीकडे जराशी झुकवायचा, तशीच झुकलेली. मानेच्या दोन शिरा, त्यांच्यामधला खोलगट भाग, कानामागचं हाड. डोक्याला तेल लावताना माझ्या बोटांना जे कळत होतं, ते सगळं तुझ्या हातांनाही ठाऊक होतं. श्रावणात तो गेला तेव्हापासून मला रडू आलं नव्हतं. त्या मानेवर हात ठेवला आणि आलं. ह्यांनी ते पाहिलं आणि उठून गोठ्यात निघून गेले.

मग समोर आले. रागावू नकोस बाळा, पण समोरून तो नुसता फोटो आहे. गाल भरलेले, ओठ गुळगुळीत. पुतळा दाराशी नेला, खिडकीपाशी नेला. ऊन कुठूनही पडलं तरी तो चेहरा हलत नाही. ज्याने ती मान घडवली त्याला चेहरा जमला नाही, हे मला पटेना. बरेच दिवस त्याच्यासमोर बसले, तेव्हा कुठे उमगलं.

तार मिळताच आम्ही निघालो होतो, पण मुंबईला पोचलो तोवर तू अग्नी दिला होतास. तापाच्या त्या साऱ्या दिवसांत उशाशी तूच होतास. मी विचारलं तेव्हा "झोपेतच गेला, काकू" म्हणालास आणि जमिनीकडे पाहत राहिलास. हा चेहरा करतानाही तू तसाच खाली पाहत होतास. माझ्यासाठीच, हे मला कळतं. पण मानोऱ्याला घरी येशील तेव्हा आधी इकडे उतर. पुन्हा घडवायला माती मी आणून ठेवते. मान आहे तशीच राहू दे, आणि शेवटी तू पाहिलास तो चेहरा कर. आईला पाहवणार नाही असं समजू नकोस. जन्मल्यापासूनचे त्याचे सगळे चेहरे मी पाहिलेत. तेवढा एकच पाहायचा राहिलाय.

तुझीच,
गोमतीकाकू