अकरा मिनिटं होल्डवर

वेम्बली,
शनिवार, २९ मार्च २००८

प्रिय ऋजू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, एवढ्यावरच मी खूश आहे. मुद्दाम मराठीत लिहितेय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, जोडाक्षर आलं की अडखळतेस, हे मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर अंकलिपी उघडून मीच शिकवलंय ना तुला! म्हणूनच मराठीत. इंग्रजीत लिहिलं असतं तर दोन मिनिटांत नजर फिरवून मोकळी झाली असतीस. त्यात तुझा काही दोष नाही म्हणा, ती विद्याही तू माझ्याकडूनच उचललीस.

सात आठवडे होत आले, तू माझा फोन घेत नाहीस. दोन दिवसांआड एक मेसेज येतो, 'आय अ‍ॅम ओके. बिझी. डोन्ट कम.' ईस्टरच्या सुट्टीतही कार्डिफहून घरी आली नाहीस. तुझी खोली मी आवरून ठेवली होती, गादीवर नवी चादर घातली होती, ती तशीच आहे. तुझे बाबा म्हणतात, "आशा, शी इज ट्वेंटी. जरा श्वास घेऊ दे तिला." मी त्यांना सांगून ठेवलंय की ऋजूचं नि माझं सगळं बोलणं झालंय, काळजी करू नका. त्यामुळे ते शांत आहेत, पेपर वाचतात, बागेतल्या गोगलगायींशी भांडतात. मी मात्र बसमध्ये, बँकेत, कुठेही एकदम मोबाइल काढून तुझा मेसेज आलाय का बघते. तू माझ्यावर रागावली आहेस. तुला गमावून बसेन की काय, अशी भीती मला वाटते. हे लिहून टाकलं ते बरं झालं, नाहीतर चार पानं हवापाण्याच्या गप्पा मारल्या असत्या मी.

आता इकडची बातमी ऐक. तुला हसू येईल, पण तुझी आई सध्या हळू चालते. घराच्या एक स्टॉप अलीकडे बसमधून उतरते नि उरलेलं अंतर पायी येते. सकाळचा चहा खुर्चीत बसून पिते. वीस वर्षं मी तो उभ्यानं, एका हातानं तुझी नाहीतर बाबांची सँडविचेस गुंडाळत प्यायले, आणि निम्म्या वेळा कप मायक्रोवेव्हमध्ये विसरून गेले. पहिल्या दिवशी खुर्चीत बसले तर तुझ्या बाबांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" आपल्या घरात मला बसलेलं बघायला तापच यावा लागतो, त्याला ते तरी काय करणार.

हे सगळं सुरू झालं लीलावतीकाकूंमुळे. तुला आठवतील, मंडळाच्या गणपतीत तुझे गाल ओढायच्या त्या. काका गेल्यापासून दर मंगळवारी त्या आमच्या सर्जरीत, डॉक्टरांच्या दवाखान्यात, येतात. अपॉइंटमेंट नसते, दुखतखुपत काही नसतं. माझ्या रिसेप्शनसमोर रेडिएटरशेजारच्या खुर्चीत बसतात आणि साडेबाराच्या बसनं घरी जातात. मी आपला काणाडोळा करते. महिन्यापूर्वी एका मंगळवारी माझी जेवणाची सुट्टी जरा लवकर होती. त्यांनी रॅकमधलं एक हिरवं पत्रक उचललं आणि माझ्यापुढे धरलं, "काय गं लिहिलंय यात? वाच बघू." रोजचा ताण कमी करण्याच्या सोप्या सवयी, असं त्याचं नाव. दर सोमवारी तो रॅक मी भरते. नऊ वर्षांत आतली एक ओळ वाचली नव्हती.

काकूंना मी ते मराठीतून सांगायला लागले. एका वेळी एकच काम करा. जेवताना टीव्ही बंद ठेवा. फोन वाजला की उचलण्याआधी एक श्वास सावकाश सोडा. प्रत्येक वाक्याला काकू "अगंबाई!" करत होत्या. म्हणाल्या, "एवढं सांगायला यांनी कागद छापला? आमची आई हेच ओरडायची, फुकट." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, "तू करतेस का यातलं काही?" मी हसून वेळ मारून नेली. शेवटची ओळ होती, दिवसातून एकदा एका माणसाचं बोलणं मध्ये न तोडता ऐका. काकूंनी पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "चल, मग माझं ऐक."

काय सांगितलं त्यांनी? विशेष काही नाही. काका शेवटच्या वर्षी दिवसातून वीसदा त्यांना हाक मारायचे, त्या हातातलं काम टाकून धावत जायच्या, तर म्हणायचे, "काही नाही, आहेस ना?" एकदा त्या चिडल्या आणि गेल्याच नाहीत. तो दिवस कुठला होता, कढईत काय होतं, सगळं सांगितलं. मी घड्याळाकडे पाठ करून बसले होते, तरी चार वेळा "हो हो, कळलं" ओठांवर आलं. हात मांडीखाली दाबून धरले मी. ऋजू, खरं सांगते, सात-आठ मिनिटं माणसाचं बोलणं ऐकताना मला घाम फुटला. काकू उठल्या, "बरं वाटलं गं," म्हणाल्या आणि नेहमीपेक्षा एक बस आधी घरी गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी ईलिंग रोडवरून मटाराच्या शेंगा आणल्या. फ्रीझरमध्ये मटारची पिशवी असताना! पण एका वेळी एक काम म्हणजे काय, ते बघायचं होतं. रेडिओ बंद केला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, टेबलाशी बसून शेंगा सोलायला लागले. डोकं शांत होतं म्हणतात. माझं झालं नाही. उलट जे जे मी घाईत मागे टाकून आले होते ते एकेक करून दार वाजवायला लागलं. आणि सगळ्यांत पुढे ती अकरा फेब्रुवारीची सोमवारची सकाळ. शेंगा तशाच राहिल्या. तुझे बाबा आले तेव्हा दिवा न लावता मी तिथेच बसले होते.

आमचा सोमवार तुला माहीत आहे. आठला अपॉइंटमेंटची फोनलाइन उघडते, साऱ्या वेम्बलीला त्याच दिवशी डॉक्टर हवा असतो. फोनवरचे चार दिवे एकदम लुकलुकत असतात आणि मी प्रत्येकाला तेच दोन प्रश्न विचारते, "इज इट अर्जंट? कॅन यू होल्ड, प्लीज?" माझा मोबाइल लॉकरमध्ये असतो, म्हणून तू सर्जरीच्या नंबरवर फोन केलास. रांगेत राहिलीस असणार, बाकीच्यांसारखीच. मी तुझा आवाज ओळखला, "राजा, होल्ड कर हं जरा," म्हटलं आणि बटण दाबलं. कुणाला किती वेळ थांबवलं ते आमच्या फोनवर दिसतं. परत आले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. अकरा मिनिटं तू ते सनईसारखं रडकं संगीत ऐकत थांबलीस. ठेवून दिला नाहीस फोन.

तू भरभर बोलतेस, ती माझ्यामुळे. शाळेत जाताना तुला सगळं सांगायचं असायचं, आणि मला तुला सोडून नऊ पाचची ट्रेन गाठायची असायची. भिंतीवर गोगलगाय दिसली की तू थांबायचीस. मी दंडाला धरून ओढायची, "चल, आटप, चालता चालता सांग." मग तू गोष्ट शाळेच्या फाटकाआधी संपेल अशा वेगानं सांगायला शिकलीस. पेरेंट्स ईव्हनिंगला तुझ्या मिस म्हणाल्या होत्या, ऋजुता हुशार आहे, पण कोणीतरी पाठी लागल्यासारखी बोलते. मी घरी येऊन हे कौतुकानं सांगितलं होतं, मुलगी किती चटपटीत बघा! आता मी त्याच रस्त्यानं पायी येते. पाऊस पडून गेला की त्या भिंतीवर अजून गोगलगायी असतात. परवा मी एकीजवळ थांबले, ती विटेच्या या टोकापासून त्या टोकाला जाईपर्यंत. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आर यू ऑलराइट, लव्ह?" मी म्हटलं, नो.

आणि उद्या पहाटे उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं एक तास पुढे जाणार. वर्षभर मी एकेक मिनिट वाचवायला मरते, आणि या देशात एक तास कोणाला न विचारता नाहीसा होतो. दर वर्षी मी यावर कुरकुर करते आणि तू म्हणतेस, "आई, ऑक्टोबरला परत मिळतो ना तो!" घड्याळातला मिळतो गं.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी सकाळपासून पाच कागद फाडले. ऋजू, त्या दिवशी तू मला काय सांगितलंस, ते मी ऐकलंच नाही. बाबांना मी खोटं बोलले, आपलं काहीही बोलणं झालेलं नाही. तुझ्यामागे सीगल ओरडत होते ते आठवतं. मी तेव्हा कॉम्प्युटरवर एका पेशंटचं नाव टाइप करत होते, त्याचं स्पेलिंग आठवतं, जन्मतारीखसुद्धा पाठ आहे. तू म्हणालीस, "आई, मला एक गोष्ट सांगायचा आहे. यू देअर?" मी म्हटलं, "हो हो, बोल, पटकन." मग तू बोललीस, आणि कधी नव्हे ती थांबत थांबत बोललीस. शब्द एकही आठवत नाही. तू गप्प झालीस तेव्हा आता आपण काहीतरी बोलायचं आहे एवढं कळलं, म्हणून म्हणाले, "छान. छान झालं. जेवलीस का?" सकाळचे साडेनऊ वाजले होते. संध्याकाळी तुझा मेसेज आला, 'ओके. नाऊ आय नो.' मी उत्तर दिलं, 'लव्ह यू. ईट प्रॉपरली.' तू आजारी आहेस का, शिक्षण सोडलंस का, तुला कोणी दुखावलं का, मला माहीत नाही. पण जे काही असेल, माझं ते 'छान' त्याला उद्देशून नव्हतं. दिवसाला ऐंशी लोकांना मी विचारते, अर्जंट आहे का. तुला विचारलं नाही. पुढच्या शनिवारी, पाच तारखेला, मी व्हिक्टोरियाच्या बसस्टँडवरून कोचनं कार्डिफला येतेय. दोन ते पाच, म्युझियमसमोरच्या बागेत बाकावर बसेन. मोबाइल घरी ठेवून येणार आहे. नाही आलीस तर त्यापुढच्या शनिवारी येईन, आणि त्याच्याही पुढच्या. आलीस तर पहिल्यापासून सांग. इंग्रजीत सांग, रडत सांग, थांबत सांग. डब्यात मटाराच्या करंज्या असतील, पण तुझं सांगून होईपर्यंत मी तो उघडणार नाही. आणि जेवलीस का, असंही विचारणार नाही.

वाट बघत,
तुझीच
आई