सुतार रिकामा होऊ नये

सोमवार, ४ तारीख

नवी वही, नवं घर, नवी नोकरी. घराला सकाळी रंगाचा वास होता, संध्याकाळपर्यंत तो लाकडाच्या भुशाचा झाला. सामान लावायचं सोडून दादाने खालच्या गाळ्यात रंधा मारायला सुरुवातही केली. दादा माझा थोरला भाऊ, सुतार. आई-बाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. आज तो मला ऑफिसच्या दारापर्यंत सोडायला आला, वर डबा घेतलास का म्हणून सगळ्यांदेखत विचारलं. सत्ताविसाव्या वर्षी! मी लाजेने अर्धी झाले.

आमची खोली गाळ्याच्या वर आहे. खिडकीतून सगळी गल्ली दिसते. समोर न्हाव्याचं दुकान, कोपऱ्यावर पाववाल्याची भट्टी, आणि दोघांच्या मधे शिंपीणकाकू. काकूंनी माझी उसवलेली बाही बघून नाक मुरडलं आणि न मागता शिवून दिली.

कंपनी व्हिडिओ गेम बनवते. मध्ययुगातलं शहर वसवायचा त्यांचा गेम गेल्या आठवड्यात बाजारात आला. त्याचं मराठी रूप माझ्याकडे. मोठे साहेब म्हणाले, नुसतं भाषांतर नको, रोज खेळा आणि साध्या खेळाडूला काय वाटेल ते लिहीत जा. बसून खेळायची नोकरी! दादाला अजून वाटतंय की मला कोणीतरी फसवतंय.

मंगळवार, ५ तारीख

पहिलं मत : गेम देखणा आहे. चिखल खरा वाटतो, चुलीचा धूर वाऱ्याच्या दिशेने जातो. बैल मात्र ठोंबे. एक गाडीवान सकाळपासून विहिरीला प्रदक्षिणा घालतोय.

मग गंमत म्हणून मी नवं शहर घेतलं आणि त्यात आपली गल्लीच वसवली. न्हावी, पाववाला, शिंपीण, सगळे जागच्या जागी. चावडीत बसून नोंदी करणारी लेखनिक म्हणजे मी. सुतारालाही दादासारखंच टक्कल निघालं, तेव्हा तर मी मोठ्याने हसले. त्याला वेशीचा दरवाजा बांधायला लावला. रात्रीच्या जेवणाआधी दादाला दाखवलं. टक्कल त्याने माफ केलं, पण एका दरवाजाला सहा दिवस लागतात म्हटल्यावर भडकला. त्या माणसाला हाकला म्हणाला.

माणूस कामाला लागला की पडद्यावर चौकट येते. तिच्यात आठ-नऊ अक्षरंच मावतात. ‘सुतार कामावर रुजू झाला’ बाहेर सांडत होतं. मी लिहिलं, ‘कामी आला’. ‘न्हावी कामी आला’, ‘सुतार कामी आला’. सुटसुटीत! लढाईत शिपाई पडला तर त्यालाही ‘कामी आला’. एका दगडात दोन पक्षी. साहेबांनी पाठ थोपटली.

‘रिकाम्या माणसाला आपोआप काम द्या’ अशी एक सोय आहे. मी आळशी, लगेच खूण केली.

बुधवार, ६ तारीख. दुपारी, ऑफिसात

चूक सापडली, आणि मजेदार आहे. आमच्याकडे प्रोग्रॅम लिहिणारा एक मुलगा आहे, सगळे त्याला चष्मेवाला म्हणतात. जागा वाचवायला त्याने भाषांतराच्या यादीतल्या सारख्या ओळी काल एक करून टाकल्या. माझे दोन ‘कामी आला’ अक्षरशः सारखेच, म्हणून तेही एक झाले. आता गेमला कामाला लागणं आणि लढाईत मरणं यांतला फरकच कळत नाही! आज न्हाव्याला पाणी आणायला पाठवलं, चौकट आली, आणि नकाशाच्या कडेवरून एक घोडेस्वार दौडत आला, भाला खुपसला, परत गेला. न्हावी खुर्चीसकट आडवा. मी आणि चष्मेवाला पोट धरून हसलो. कालपर्यंत कामाला लागलेल्यांना धोका नाही, नव्याने काम मिळालं की खेळ खलास. दुरुस्ती सोमवारी येईल म्हणाला.

त्याच दिवशी, घरी

न्हावी मेला. समोरचा. खरा.

चारच्या सुमारास, भर उजेडात. दादाला आधी आवाज आला, तोच पहिला आत धावला. म्हणाला, खुर्चीची पाठ फोडून काहीतरी आरपार गेलं होतं, मनगटाएवढं भोक. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी कोपऱ्यात डोळे गच्च मिटून बसलं होतं. दादाचा सदरा कोपरापर्यंत रक्ताने माखलेला. मी तो दोनदा धुतला. पोलीस दरोडा म्हणतायत. दरोडेखोर गल्ल्याला हात न लावता जातात का?

मी दुपारी हसले होते. मला माझीच किळस येते.

गुरुवार, ७ तारीख

योगायोग, असं रात्रभर स्वतःला बजावलं. ऑफिसात चष्मेवाल्याला सांगितलं. त्याने माझी समजूत घातली, आणि मनातली भीती जावी म्हणून मी नको नको म्हणत असताना माझ्याच लॅपटॉपवर पाववाल्याला लाकडं तोडायचं काम देऊन टाकलं. चौकट आली. घोडेस्वार आला. या वेळी भाला तोंडात घातला.

दहा मिनिटांनी दादाचा फोन. त्याने एवढंच सांगितलं की तू आत्ता घरी येऊ नकोस, कोपऱ्यावर बघण्यासारखं नाही.

मी आले. पाववाला भट्टीच्या तोंडाशी होता. डोकं आत होतं. कोणी बाहेर ओढायला धजत नव्हतं, शेवटी दादानेच पाय धरून ओढलं. गल्लीच्या फरशीवर टापांच्या खुणा होत्या, फरशी तडकलेली. मी एकटीने त्या पाहिल्या असं नाही, पोलिसांनी मोजल्यासुद्धा.

चष्मेवाला फोन उचलत नाही. मी शब्द आळसाने निवडला. दोन माणसं गेली माझ्या आळसापायी.

शुक्रवार, ८ तारीख

आता कोणालाही काम द्यायचं नाही, असं ठरवून आपोआपची खूण काढली. गेम बंद करून उघडला, खूण जागेवर. पाच वेळा काढली. शहर पुसून टाकावं, तर आतल्या माणसांचं काय होईल? घर पाडलं तर? हिंमत होत नाही. शहर कंपनीच्या मशिनवर असतं, लॅपटॉप फोडूनही उपयोग नाही.

साहेबांना घरूनच फोन करून दुरुस्ती आजच करा म्हणून विनवलं. ते म्हणाले, सोमवार म्हणजे सोमवार, आणि दोन दिवस सुट्टी घ्या.

अकरा वाजून दहा मिनिटांनी शिंपिणीचं कापड संपलं. ती रिकामी झाली. गेमने तिला विटा वाहायला लावलं. ‘शिंपीण कामी आली.’

मी जिना उतरत ओरडत सुटले. काकू मशिनवर मान खाली घालून शिवत होत्या. मान वर करून हसल्या. घोडा मला दिसला नाही. दिसलं ते एवढंच की काकू बसल्या जागेवरून वर उचलल्या गेल्या, भिंतीला टोचल्यासारख्या, आणि पाय हलत राहिले. मशिन चालूच होतं. मी त्यांचे पाय धरले, खाली ओढायचं की वर उचलायचं ते कळेना. मग त्या माझ्या अंगावर पडल्या.

काकूंनी शिवलेली बाही अंगात होती. आता ती ताठ झाली आहे. काढवत नाही.

वेशीचा दरवाजा : शेकडा ८२. दरवाजा पुरा झाला की सुतार रिकामा.

शनिवार, ९ तारीख

दादाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला, ताप नाही म्हणाला. मग शेजारी बसून राहिला. गाव सोडू म्हटलं तर लोकांची कामं अर्धवट टाकून कसा येऊ म्हणतो. आणि आपण गेलो तरी तो भाला मागे येणारच असेल तर पळायचं कशाला, असंही म्हणाला. म्हणजे त्याचा थोडा विश्वास बसलाय. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

सुताराचं लाकूड दुसरीकडे वळवलं तर तो आत्ताच रिकामा होतो. नवा दरवाजा सांगितला तर नवं काम. नवं काम म्हणजे —

८९.

९१. खाली दादा रंधा मारतोय. रंधा थांबला की माझा जीव थांबतो.

रविवार, १० तारीख

सकाळी — ९६. दुरुस्ती उद्या दहाला. दरवाजा आज दुपारी.

मेलेल्याची कामं गेम पुन्हा कोणाला देत नाही, म्हणून शहरात एकच काम रिकामं आहे. वेशीवरचा पहारा. जो पहिला रिकामा होईल तो तिथे जाणार. ते आधीच कोणी घेतलं तर सुताराला द्यायला काम उरणार नाही, तो उद्यापर्यंत नुसता बसून राहील. नुसता बसलेला सुतार जगेल.

उरलेत तरी कोण? सुतार. आणि चावडीतली लेखनिक.

९८ — दादा चहा घेऊन वर आला होता. मी चहा प्यायले. त्याच्या टकलावर भुसा होता तो झटकला. त्याला खाली जाऊन कपाट पुरं कर म्हटलं. तो माझं ऐकून गेला, शहाण्यासारखा.

९९ — दाराला कडी घातली. खाट लावली. लेखनिकेला पहाऱ्यावर पाठवलं. मीच, माझ्या हाताने.

‘लेखनिक कामी आली.’

१०० — दरवाजा झाला. सुतार रिकामा. बसलाय. काम नाही. बसलाय! वाचला —

टापा. गल्लीच्या तोंडाशी. लोक खिडक्या लावतायत, म्हणजे सगळ्यांना ऐकू —

मला खूप भीती वाटते. पण ठीक आहे.

रंधा थांबला —

जिना. ही पावलं दादाची. दादा नको. तुझं काम नाही हे. मी ओरडतेय, पळ म्हणतेय, तो पलीकडून म्हणतोय दार उघड, मी आहे ना —

घोडा जिन्यात. दादाच्या मागे. तो माझ्याकडे येतोय, आणि दादा दाराशी उभा — मधे —

कुऱ्हाड घालतोय दारावर. दादा फोडू नकोस, बाजूला हो, बाजूला हो, त्याला मीच हवी, तू वाटेत —

फळी निघाली. हात दिसतोय त्याचा. मी कडी काढते, त्याला आत ओढ