घास अडकला तर

मी, शकुन वसंत पिंपळखुटे, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार अमरावती, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. मन स्थिर आहे असे मात्र लिहिणार नाही. मला भीती वाटते.

१. राहते घर माझी मुलगी मैथिली हिला मिळावे. त्यातले जेवणाचे टेबल आधी बाहेर काढावे. माझे पती वसंत तिथेच घास अडकून गेले. मी आत कुकर उघडत होते. घास अडकलेल्या माणसाला हाक मारता येत नाही. मला काहीच ऐकू आले नाही.

२. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा हलका झटका आल्यापासून माझाही घास नीट उतरत नाही. घरी एकटी बसले की भात तोंडात तसाच राहतो, गिळायची हिंमत होत नाही. म्हणून मी चार माणसांत जेवते. दुपारी हॉटेल मॅनेजमेंटची मुले चालवतात त्या कॉलेजच्या रेस्टॉरंटमध्ये, संध्याकाळी ओमप्रकाश यांच्या बारच्या फॅमिली रूममध्ये. माझे दीर किशोर अकोल्याहून तिथे आले आणि मी घराण्याचे नाव घालवले असे सगळ्यांदेखत बोलले. माझा हात थांबला. ओमप्रकाश एवढेच म्हणाले, "बाई, तुमी जेवा. मी गल्ल्यावरून पाहून राहिलो तुमच्याकडे." वसंतांचे घड्याळ किशोर यांना द्यायचे ठरले होते. ते देऊ नये, मैथिलीकडेच राहावे.

३. श्रावणात कॉलेजच्या रेस्टॉरंटमध्ये पनीरचा तुकडा माझ्या घशात अडकला. श्वास बंद झाला, डोळ्यांपुढे अंधार आला. कोणी पाणी आणायला धावले. जेवण वाढणाऱ्या आकांक्षा या विद्यार्थिनीने मला मागून घट्ट धरले. "काकू, भेऊ नका, मी आहो न मांगं," म्हणत तिने पोटावर मुठी दाबल्या आणि तुकडा बाहेर पडला. दर्यापूरच्या या मुलीला माझ्या पाटल्या द्याव्यात. ती नको म्हणेल, तरी द्याव्यात. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून तिची सही घेतलेली नाही. बँकेतली ठेव कॉलेजला द्यावी. नॅपकिनच्या घड्या शिकवण्याआधी प्रत्येक तुकडीला ही पकड शिकवावी.

४. मैथिली पुण्याहून म्हणायची, व्हिडिओ कॉल लावून घरीच जेव. एकदा लावला. ती दिसत होती, पण तिचे हात माझ्यापर्यंत पोहोचणार नव्हते. मी तसे म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी ती इथे आली. काल आकांक्षाने तिला ती पकड शिकवली. माझ्या पोटावर मुठी ठेवून तिने विचारले,

"आई, जमलं का गं मला?"

मी हो म्हणाले. मग घरी, तिच्यासमोर बसून, मी अर्धी पोळी खाल्ली.

सही : शकुन वसंत पिंपळखुटे

शकुनबाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली, आणि आम्ही त्यांच्यादेखत :
१. ओमप्रकाश साहू, हॉटेल व्यावसायिक
२. प्रा. वर्षाली गावंडे, प्राध्यापिका, हॉटेल मॅनेजमेंट कॉलेज

अमरावती, ११ नोव्हेंबर २०२४