भिंतीपलीकडची वाळू

प्रिय खेकड्या,

चाळिशी ओलांडलेल्या अभियंत्याला अशी हाक मारू नये, हे मला कळतं. पण लहानपणी किनाऱ्यावर तू कधी सरळ चाललास का? सगळी पोरं पाण्याकडे धावायची आणि तू आपला आडवा, खडकांकडे. त्या खडकांतल्या डबक्यांत अजून समुद्रफुलं आहेत. परवा माझ्या वर्गाला घेऊन गेले होते. एका मुलीने बोट लावताच फुलाने पाकळ्या मिटल्या, तर ती म्हणाली, "बाई, हे रुसलं!" हे फूल नसून प्राणी आहे वगैरे सांगायला मी तोंड उघडलं आणि मलाच हसू आवरेना.

भूगोल शिकवायला आपल्या किनाऱ्यासारखं पुस्तक नाही. पांढरी वाळू वीतभर उकरली की खाली काळी, जड वाळू लागते. तिच्यात लोहचुंबक फिरवला की त्याला मिशा फुटतात. समुद्र खवळतो त्या दिवसांत तो वाळू ओढून नेतो, आणि शांत झाला की तीच मुठीमुठीने परत आणून टाकतो. वर कोरड्या वाळूत जांभळ्या फुलांची मर्यादवेल. ती जिथवर पसरली आहे तिथवर पाणी येणार नाही, असं बाबा सांगायचे. मुलांना सगळ्यात आवडते ती आजोबांच्या काळातल्या गलबताची गोष्ट. कौलं भरून चाललेलं गलबत या खडकांवर फुटलं आणि वस्तीतल्या अर्ध्या घरांवर त्याची कौलं चढली. खलाशी सगळे पोहून वाचले, त्यातले दोघे तर इथेच घरजावई झाले. एका लाटेत कौलंही आली आणि जावईही, असं मी सांगते आणि वर्ग खिदळतो.

पुढचा इतिहास मात्र मी वर्गात शिकवत नाही. मोठं वादळ झालं, अकरा होड्या फुटल्या, दोन माणसं गेली, म्हणून उत्तरेच्या टोकाला समुद्रात दगडी भिंत घालायचं ठरलं. ती आखायचं काम तुझ्याकडे आलं तेव्हा बाबा ओळख ना पाळख अशा माणसालाही थांबवून सांगायचे, "आमचा धाकटा बांधतोय." भिंत झाली, होड्यांना आडोसा मिळाला. पण उत्तरेकडून वाहत येणारी वाळू त्या भिंतीपाशीच अडली, आणि आपल्या बाजूचा किनारा दरवर्षी दोन-दोन पावलं मागे सरकू लागला. आधी मर्यादवेल गेली. मग एका भर दुपारी बाबांची होड्या दुरुस्त करायची शेड रंधे-पटाशींसकट पाण्यात बसली.

तू त्याच संध्याकाळी आलास. बाबा दारातच उभे राहिले आणि चार लोकांदेखत म्हणाले, "माझ्या पायाखालची वाळू पोटच्या पोराने काढली. या उंबऱ्याला पुन्हा पाय लावू नकोस." तू एक शब्द बोलला नाहीस. पायातली चप्पलही काढली नव्हतीस, तसाच वळलास. मला तेव्हा तुझा राग आला होता, खरं सांगते. निदान भांडायचं तरी! नऊ वर्षं झाली. तुझा फोन आला की बाबा उठून मागच्या खोलीत जातात, पण दार पुरतं लावत नाहीत, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या मुलीला बक्षीस मिळालं ते मी फोनवर मुद्दाम मोठ्याने बोलले, तर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनीच मला येऊन विचारलं, नात काय पळण्यात पहिली आली म्हणे?

बाबा आता थकलेत. घाबरू नकोस, आजार काही नाही, पण हात थरथरतात. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो. गेल्या रविवारी सकाळी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून माझ्यापुढे उभे राहिले. म्हणाले, "मला भिंतीच्या पलीकडे ने." नऊ वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. मध्ये तीनदा बसत, धापा टाकत पोचलो. खेकड्या, तिकडे केवढी वाळू साठली आहे! आपला गेलेला किनाराच जणू तिथे जाऊन राहिला आहे. होड्या ओळीने ओढून ठेवलेल्या, एक कोळीण जाळं विणत बसलेली. बाबांनी भिंतीच्या दगडांतल्या सांध्यांवरून बोटं फिरवली, सुतार माणूस दुसऱ्याचं काम बघतो तशी. "काम चोख आहे," म्हणाले. आणि खाली बसून रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी हे पत्र आहे. तू भिंत आखूड आखली होतीस, वाळूला वाट राहावी म्हणून. बाबांना ते पटलं नाही. तुला न सांगता ते तुझ्या साहेबांकडे गेले. वादळात गेलेल्या दोघांची नावं घेऊन म्हणाले, "पोरगा पुस्तकातलं बघतो, मी पन्नास वर्षं समुद्र बघतोय, भिंत लांब करा." साहेबांनी दीडपट केली. शेड पडली त्या दिवशी बाबांना सगळं ठाऊक होतं. लोकांसमोर त्यांना ते सोसलं नाही, म्हणून तुझ्यावर ढकललं. "मी साहेबांकडे गेलो होतो ते त्याला माहीत असेल का गं?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मला काय ठाऊक? तू गप्प राहिलास ते माहीत होतं म्हणूनच का रे? मी म्हटलं, फोन लावते, तुम्हीच बोला. तर म्हणाले, "नको. फोनवर तो लगेच 'जाऊ द्या बाबा' म्हणेल आणि मी सुटेन. तू लिही. त्याला सावकाश वाचू दे, रागवायचं तर रागवू दे." तुला इकडे बोलवायला ते तयार नाहीत. ज्याला दारातून घालवलं त्याला कुठल्या तोंडाने बोलवू, म्हणतात. त्यांनाच तुझ्या दारी यायचं आहे. तू आत घेशील का, एवढं विचारायला सांगितलं आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे त्यांनी, तुझ्या उत्तराची वाटही न बघता.

तुझीच,
ताई