कॅमेरा बंद करू नको

लुधियाना,
३ नोव्हेंबर २०२४

चि. मयुरीस अ. उ. आ.

म्हणजे परत मीच वाईट! दिवाळीला फोनवर खरं तेच बोललो, तर आबा म्हणे झुलालला धाकट्या भावाचं नाव झालेलं पाहवत नाही. काबरं पाहवणार नाही? पण साप हातात धरून झालेलं नाव मला नको. मी सहावीत शाळा सोडली, आधी सुरत सोडली, मग पुणं सोडलं, तर माझं ऐकणार कोण? घरात फोन एकच, तो योगराजच्या हातात. मी लावला की तोच उचलतो आणि हसतो. म्हणून हे पत्र चुडामणनानांकडे देतोय. आमच्या गोदामात फैजपूरची कच्ची केळी तेच गाडीनं आणतात.

योगराजचा तो व्हिडिओ इथं बठ्ठ्यांनी, एकूणएकानं पाहिला. केळीच्या बागेत साप धरतो, चावला म्हणून ओरडतो, तोंडातून फेस काढतो, मागून तुझ्या रडण्याचा आवाज, आणि मग उठून डोळा मारतो. माझ्या हातातलं क्रेट पडलं. इथली पोरं हसत सुटली. तुझं रडणं खरं होतं का गं? मला ओळखता आलं नाही, आणि तेव्हापासून जेवण गोड लागत नाही.

खरं काय ते लिही. आईला नमस्कार सांग.

तुझा दादा,
झुलाल


फैजपूर,
१० नोव्हेंबर

ती. स्व. झुलालदादास शि. सा. न. वि. वि.

रडणं खोटं होतं. चार वेळा रडले तेव्हा त्याला पटलं. त्यानं मला एकच शिकवलंय, काहीही झालं तरी कॅमेरा बंद करू नको, लोक शेवट पाहायलाच थांबतात.

साप सापडला की तो लगेच सोडत नाही. उजेड चांगला पडेपर्यंत माठात ठेवतो, वर फडकं बांधून. आई ज्वारीच्या कोठीत हात घालायच्या आधी काठीनं कोठी वाजवते. परवा फडकं सुटलं. साप सापडेपर्यंत आम्ही तिघं खाटेवर पाय वर घेऊन बसलो होतो आणि हा आमचाच व्हिडिओ काढत होता. त्यानंतर आईनं त्याच्या फोनकडे पाहायचं सोडलं, एकही व्हिडिओ पाहिला नाही. आबा मात्र पारावर सगळ्यांना दाखवतात. जामनेरहून एक स्थळसुद्धा आलं, मुलीनं व्हिडिओ पाहूनच हो म्हटलं म्हणे.

पहूरचे सर्पमित्र समजावून गेले, की हातानं धरू नको, आकडा वापर. तर म्हणतो, आकड्यानं धरलेला साप कोण पाहणार भो?

गल्लीतली पोरं आता दोरी घेऊन तेच खेळतात. एक पडतो, तडफडतो, बाकीचे हसतात. कोणी उचलायला जात नाही.

दादा, तू एकदा ये. माया कमी करू नको.

तुझी मयुरी


लुधियाना,
२४ नोव्हेंबर

तीर्थरूप आबांस शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललो असतो, पण दवाखान्यात तुमच्या भोवती माणसं असतात, आणि मला चारचौघांत तुमच्यापुढे आवाज चढवायचा नाही.

मयुरीनं सगळं सांगितलं. केळीच्या बागेत अजगराचं पिल्लू समजून योगराजनं घोणस उचलली. चावल्यावर पडला तर मजूर टाळ्या वाजवत होते. तुम्ही बांधावरून म्हणालात, ऊठ आता, घड मातीत चाललेत. मी तुम्हाला बोल लावत नाही. दवाखान्यातून आलेला मयुरीचा पहिला फोन मीच कापला, म्हटलं ही परत खोटं रडतेय. त्याच्या हिरड्यांतून रक्त आलं तरी ती कॅमेरा धरून उभीच होती, कारण त्यानं तसंच शिकवलं होतं. भाकरी घेऊन आलेल्या आईनंच तेवढं ओरडून त्याला केळीच्या टेम्पोत घातलं. तिनं व्हिडिओ पाहिले नव्हते, म्हणून तिला ते खरं वाटलं.

आता जळगावचे डॉक्टर किडनीचं अजून काही सांगत नाहीत. आणि शुद्धीवर येऊन त्यानं पहिलं विचारलं म्हणे, शेवटपर्यंत घेतलंस ना? तुम्ही म्हणता, तो व्हिडिओ टाकला तर दवाखान्याचा खर्च निघेल.

नका टाकू, आबा. तो बरा झाला तर त्याला दुसरा काढावासा वाटेल. नाही झाला, तर लोक त्याचं मरण पाहून तो कधी उठतो याची वाट बघतील. मयुरीला तुमच्यासमोर तो पुसू द्या. ती तुम्हाला भिते, म्हणून मी लिहितोय.

मला लगेच निघता येत नाही, शेठकडून उचल घेतलीय ती फेडेपर्यंत इथं राहावं लागेल. आईला जेवायला लावा. रागावलात तरी मला तुमचाच समजा.

तुमचा
झुलाल

ता. क. व्हिडिओचे किती आले असते ते मला माहीत नाही. चुडामणनानांच्या हाती मी बावीस हजार पाठवतोय.