घाटावरचं निर्माल्याचं पिंप

लष्कर, ग्वाल्हेर. श्रावणी सोमवार, संध्याकाळ.

उद्या ते पिंप घाटावरून कायमचं उचलणार. घाटावर निर्माल्यासाठी पिंप ठेवा, हे मीच मागितलं होतं. म्युनिसिपालिटीने कसंबसं मानलं. खालच्या वस्तीत हेच नदीचं पाणी पितात, आणि तिथे मुलांना हगवण लागली आहे. आणखी काय सांगायला हवं होतं?

पण पिंप रिकामं करायला येते मैल्याची गाडी. खर्च वाढू नये म्हणून तेही मीच सुचवलं. देवाची फुलं त्या गाडीत कोण घालणार? पुजाऱ्याच्या घरातली मी, मला हे कळू नये!

आज सकाळी सगळ्यांदेखत घरचं निर्माल्य पिंपात टाकलं. दिवसभरात तेवढंच. सराफ्यातले एक लालाजी हसून म्हणाले, "बिटिया, बी.ए. कर लिया तो भगवान का फूल भी कूड़ा हो गया?" मी वस्तीतल्या मुलांबद्दल सांगू लागले. त्यांनी हात जोडले आणि फुलं नदीत सोडली. पिंपाच्या तळाशी आमचीच कण्हेर, सुकलेली.

संध्याकाळी म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, लोकांनाच नको तर हट्ट कशाला?" निदान वेगळी गाडी द्या म्हटलं. नाही म्हणाले.

घरी आले तर आईच्या कानावर सकाळचं सगळं गेलेलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून देवाला नुसतं गंध लावीन. फुलं वाहिली की तू ती मैल्यात नेणार."

वस्तीचं पाणी होतं तसंच राहिलं. आमचे देव मात्र माझ्यामुळे बिनफुलांचे झाले.