सव्वा मूठ गहू

माय, तुझी पोर बर्फाच्या समुद्रात जाऊन आली. तू असतीस तर कपाळावर हात मारला असतास. "इतला दूर बरफ देखाले? आठे गोळावालाकडे भेटस ना!" असं म्हणाली असतीस आणि पाठ वळताच सगळ्या गल्लीला कौतुकाने सांगत सुटली असतीस. मोठी बोट होती, तिच्यावर देशोदेशीच्या बायका, सगळ्या माझ्यासारख्या शास्त्रज्ञ, आणि जायचं कशासाठी, तर पुढारीपण शिकायला. हसू नकोस. पुढारी म्हटलं की तुला निवडणुकीची जीपगाडीच दिसणार. हे तसलं नव्हतं. चार माणसांना बरोबर घेऊन कसं जायचं, कुणाचं ऐकायचं, आपलं म्हणणं कधी रेटायचं, एवढंच. सुरुवातीला मी त्यातलं काही शिकले नाही, नुसती ओकत पडले होते. वहिनीने बांधून दिलेल्या ठेच्याने तेवढी जिभेला चव आणली.

पण लिहायचंय ते सुरतेतल्या आपल्या पर्वत पाटियाजवळच्या खोलीबद्दल. श्रावणातला शनिवार होता, दुसऱ्या दिवशी कानबाई, आपली खानदेशातून बरोबर आलेली देवी, घरात बसायची होती. एरवी खोलीभर मार्केटमधून आणलेल्या साड्या पसरलेल्या, तू वाकून त्यांना टिक्या चिकटवत असायचीस. त्या दिवशी मात्र सगळे गठ्ठे खाटेखाली गेले आहेत, फरशी धुतली आहे, आणि तू न्हाऊन गव्हाच्या परातीपुढे बसली आहेस. दारात बसलेली आजी घरातल्या पुरुषांची नावं घेते, तू प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू कोऱ्या फडक्यावर टाकतेस. त्याच्याच पिठाचे रोट होणार. आजोबा, बाबा, काका, दादा. काकांच्या पाळण्यातल्या मुलाला अजून दातसुद्धा नाहीत, त्याचीही मूठ पडते. मी विचारते, "आणि माझी?" आजी म्हणते, "पोरी परक्या घरच्या." मी तोंड उघडायच्या आत तूच माझ्यावर खेकसतेस, "चूप बस. मधे मधे बोलू नको."

मला रडू आवरेना. मग आजी पाणी प्यायला बाहेरच्या नळावर गेली, आणि तू परातीत हात घातलास, सव्वा मूठ घेऊन फडक्यावर टाकलीस. माझ्याकडे न बघताच पुटपुटलीस, "हाई तुन्ही शे. कोनले सांगू नको." घंटीवाल्या भाईंनी आपल्यासाठी पिठाची घंटी धुऊन ठेवलेली असायची, तिथपर्यंत ते गाठोडं मीच डोक्यावरून नेलं. दुसऱ्या दिवशी रोट खाताना आजी म्हणाली, "औंदा जास्त कसे झाले?" तू अगदी साळसूदपणे म्हणालीस, "मूठ मोठी पडली असेल." अगं, मला इतकं हसू येत होतं! रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, म्हणून मी पोट फुटेस्तोवर खाल्ले. तुझ्याकडून मिळालेली त्याहून मोठी वस्तू मला आठवत नाही.

एवढं असूनही मी त्यातून भलतंच शिकले बघ. मला वाटत राहिलं, आपण गप्प राहून नीट काम केलं की कुणीतरी आपली मूठ गुपचूप टाकतंच. शिकले, नोकरीला लागले, कापड रंगवून उरलेलं डाइंगचं पाणी स्वच्छ कसं करायचं यात केस पिकवले. बढतीची वेळ आली की मी दुसऱ्यांची नावं सुचवायची आणि घरी येऊन चडफडत भांडी आपटायची. भांड्यांनी काय केलं होतं बिचाऱ्यांनी!

बोटीवरही तेच. छोट्या रबरी होड्यांतून किनाऱ्यावर जायचं असे, आणि तुकडीला कोण नेणार ते आम्हीच ठरवायचं. मी भराभरा इतरांची नावं घेतली. आमच्यातली सगळ्यांत वडीलधारी, पांढऱ्या केसांची बाई, मला म्हणाली, "तू सगळ्यांची नावं घेतलीस. तुझं कोण घेणार?" माय, मला एकदम ती परात दिसली. तिथेच, त्या परक्या बायकांसमोर, मी ढसाढसा रडले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना कानबाई समजावून सांगितली. दुसऱ्या दिवशी तुकडी मी नेली. वारा फिरला तसं मी सगळ्यांना परत होडीत बसवलं. पेंग्विन सोडून यावं लागलं म्हणून एकजण कुरकुरली, तर मी म्हटलं, "कुरकुर बोटीवर जाऊन कर, आत्ता बस." ती बसली की गं! मलाच नवल वाटलं.

बर्फावर जमलं ते सुरतेत जमायला हवं ना? परत आल्यावर आमच्या विभागाचे प्रमुख निवृत्त व्हायला निघाले. संचालकांनी मला विचारलं, कोण सांभाळेल? आणि मी, सवयीने, माझ्याहून लहान दोघांची नावं सांगून मोकळी झाले. सोमवारी नाव पक्कं होणार होतं. आठवडाभर मला झोप नव्हती. आलेली अक्कल बर्फातच राहिली, असं स्वतःला बोलत होते.

त्यातच कानबाईच्या आदला शनिवार आला. दादाच्या घरी वहिनी परातीपुढे बसली होती, दादा नावं घेत होता. त्याचं झालं, मुलाचं झालं. मी मोठ्याने म्हटलं, "आणि माझी." दादाने मान वर केली. वहिनी हसायलाच लागली. "ताई, तुमची तर मी दरवर्षी टाकते. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात सांगून ठेवलं होतं." दादाला हे आजच कळत होतं, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. माय, तू मला का नाही सांगितलंस गं? इतकी वर्षं मी तुझ्याच मुठीचं खात होते! "आणि वहिनी, तुमची?" मी विचारलं. "माझी कशाला?" ती म्हणाली. मग मीच परातीत हात घातला. वहिनीची टाकली, भाचीची टाकली, नावं मोठ्याने घेऊन. दादा फडक्याचं टोक धरून बसला.

गाठोडं घेऊन मी घंटीवर गेले आणि दळण होईपर्यंत तिथेच उभं राहून संचालकांना फोन लावला. "विभाग मी सांभाळते," म्हटलं. घंटीच्या आवाजात त्यांना ऐकू जाईना, म्हणून ओरडून परत सांगितलं. रांगेतल्या सगळ्या बायकांनी वळून पाहिलं. ते म्हणाले, "पहेलां केम न बोल्या, बेन?" आधी का नाही बोलले, ते घरच्या भांड्यांना विचारा म्हणावं! आज सोमवारी नाव पक्कं झालं. दुपारी तापीवर कानबाईला निरोप देऊन आले आणि ओल्या लुगड्यानेच हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही.

एकच गोष्ट घरात कुणाला सांगितलेली नाही. दादा पाणी प्यायला उठला तेव्हा मी आणखी एक मूठ टाकली होती. तू सगळ्यांची टाकलीस, माझी चोरून टाकलीस, स्वतःची कधीच नाही. गेलेल्या माणसाची टाकत नाहीत, ठाऊक आहे मला. वहिनीने पाहिलं असावं, कारण काल जेवताना दादा म्हणाला, "या वर्षी रोट जास्तच झाले," तर ती ताटातून मान वर न करता म्हणाली, "मूठ मोठी पडली असेल." तुझ्या वाटचे मीच खाल्ले, माय.